पंपावरची पोर

कॅम्प हम्फ्रीज, प्योंगतेक, दक्षिण कोरिया
जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू म्हणालीस, पारावर कुणी विचारलं की आण्णा सांगतात, "नात अमेरिकेच्या फौजेत आहे, पण पेट्रोल पंपावर." सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला तो 'पण' किती जड जात असेल, ते मला कळतं. तरी ते खोटं बोलत नाहीत. पंपावरच आहे मी. फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून लिहायला बसले. आण्णांना वाचून दाखव.

आधी तुझ्यापुरतं. इथे अमेरिकेच्या या तळावर हेलिकॉप्टर, ट्रक, रणगाडे, जनरेटर सगळ्यांना एकच इंधन चालतं, जेपी-८. व्हर्जिनियात 'फोर्ट ली' तळावर शिकायला होते तेव्हा पहिल्यांदा बरणीचं झाकण काढलं आणि चाटच पडले. रॉकेल! तुझ्या पितळी स्टोव्हचा वास. आणि ते खरोखर रॉकेलच्याच जातीचं आहे, वरून थोडी औषधं घातलेलं. एक आतल्या पाण्याचा बर्फ होऊ नये म्हणून, एक गंज चढू नये म्हणून, एक पाइपातून वाहताना साठणारी वीज निघून जावी म्हणून. उणे ४७ अंशांपर्यंत गोठत नाही. रेशनच्या रॉकेलसारखा निळा रंग मात्र नसतो. दोन-दोन तास रांगेत उभी राहून तू कॅन भरून आणायचीस आणि म्हणायचीस, पोरींनी या वासातून सुटायला हवं. धाकटी काही सुटली नाही बघ. हात कितीही धुतले तरी जेवताना नाकाला कळतंच.

माझं खरं काम ओतण्याचं नाही, बघण्याचं आहे. रोज सकाळी टँकरमधलं तेल फिल्टरमधून फिरवून परत टँकरातच घ्यायचं, मग काचेच्या बरणीत थोडं काढायचं, गरगर फिरवायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. तळाशी कचरा नको, थेंब नको, धुरकटपणा नको. इंधनात पाणी राहिलं तर उंचावरच्या थंडीत त्याचे बर्फाचे कण होतात, ते फिल्टरात अडकले की इंजिनाचा घास तुटतो. ट्रक बंद पडला तर रस्त्याकडेला थांबतो. हेलिकॉप्टर कुठे थांबणार?

मागच्या महिन्यात एका बरणीत मला धुकं दिसलं. मी टँकर अडवला. उणे बारात सगळे माझ्याकडे बघत उभे. अशा वेळी बरणी नुसती ठेवून द्यायची, तू नवीन आणलेलं रॉकेल चुलीमागे ठेवायचीस तशी. हवा असेल तर बुडबुडे वर जातात आणि तेल तळाकडून निवळत येतं. पाणी असेल तर ते खाली बसतं आणि वरून निवळतं. माझं तळाकडून निवळलं. म्हणजे नुसती हवा होती, आणि माझ्या घाईनं अर्धी टोळी थंडीत कुडकुडली. मला वाटलं आता बोलणी बसणार. सार्जंट एवढंच म्हणाला, "उद्याही अडव."

आता आण्णांसाठी. रानात तात्पुरता पंप उभारतात, त्याला आम्ही 'फार्प' म्हणतो. हेलिकॉप्टर उतरतं ते इंजिन चालू ठेवूनच. डोक्यावर पाती फिरतायत, धूळ नाहीतर बर्फ तोंडावर, कानात काही शिरत नाही, सगळी भाषा हातवाऱ्यांची. उडताना हेलिकॉप्टरच्या अंगावर वीज साठलेली असते, म्हणून आधी तार जोडायची, मगच नळीचं तोंड बसवायचं. हा क्रम झोपेत विचारला तरी चुकता कामा नये. ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरची टाकी साधारण १,३६० लिटरची, माझा टँकर साडेनऊ हजारांचा. हिशोब आण्णाच करतील. आणि अंगावर तेल सांडलं तर कपडे तसेच ओढून काढायचे नाहीत, आधी पाण्यानं भिजवायचे. कोरडं कापड ओढताना ठिणगी पडू शकते. हे वाचून तू घाबरू नकोस. माझ्यावर आजवर फक्त एकदा सांडलं, तेही बुटावर.

आण्णांना एक गोष्ट नक्की सांग, त्यांना आवडेल. १९४४ च्या ऑगस्टअखेरीस फ्रान्समध्ये अमेरिकेच्या जनरल पॅटनचे रणगाडे जर्मन सैन्याला मागे रेटत निघाले होते आणि पेट्रोल संपून उभे राहिले. शत्रूनं नव्हे, रिकाम्या टाकीनं अडवलं. त्या दिवसांत 'रेड बॉल एक्सप्रेस' नावाची ट्रकांची रांग रात्रंदिवस रसद ओढत होती. २५ ऑगस्टला सुरू झाली, १६ नोव्हेंबरपर्यंत चालली. त्यातले बहुतेक ड्रायव्हर कृष्णवर्णीय सैनिक होते. बंदूकवाल्यांच्या फोटोंत ते फारसे दिसत नाहीत. पंपवाल्यांचं हे असंच.

दुसऱ्याच्या फौजेत गेले याचा आण्णांना राग आहे, तो पत्रानं जाणार नाही. येईन तेव्हा समोर बसून ऐकून घेईन.

पैसे पाठवलेत, माळ्याच्या पत्र्याचं काम पावसाच्या आत उरकून घ्या. रविवारी फोन करते. इथलं घड्याळ साडेतीन तास पुढे आहे, त्यामुळे तुझं जेवण आवरेपर्यंत माझी मध्यरात्र होते. जरा लवकर उचल.

आणि पारावर पुन्हा कुणी विचारलं तर आण्णांना म्हणावं, पंपावरच आहे म्हणून खुशाल सांगा. फक्त तिथलं गिऱ्हाईक इंजिन बंद करत नाही.

तुझी,
धाकटी