जवान व माजी सैनिकांना दिवाळीची शुभेच्छापत्रे पाठविण्याबाबत

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या बेळगावात आहे, तेथील आणि खानापूर, निपाणी भागातील अनेक घरांतील मुले या दिवाळीतही सीमेवर असतील. त्यांच्यासाठी हाताने लिहिलेली शुभेच्छापत्रे सभासदांनी घटस्थापनेपर्यंत कार्यालयात आणून द्यावीत, ही विनंती. दुर्गम चौक्यांपर्यंत टपाल पोहोचण्यास वेळ लागत असल्याने मुदत वाढविता येणार नाही.

पाकिटावर सेवाक्रमांक, हुद्दा, नाव, तुकडी आणि ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) असा घरच्यांनी दिलेला पत्ताच लिहावा. नेमणुकीचे ठिकाण कोठेही, अगदी पत्राच्या मजकुरातही, लिहू नये. रोख रक्कम वा खाऊ पाकिटात घालू नये. मजकूर चार ओळींचा असला तरी चालेल, परंतु पाऊस कसा झाला, भात कापणीला आले का, मुलांनी यंदा कोणता किल्ला करायचे ठरविले, अशी गावची खबर त्यात अवश्य असावी. छापील शुभेच्छांपेक्षा तीच अधिक जिव्हाळ्याने वाचली जाते.

माजी सैनिक व वीरपत्नी यांची पत्रे टपालाने न पाठविता वसुबारसेला त्यांच्या घरी जाऊन द्यावयाची आहेत. त्यासाठी तरुण सभासदांनी आवर्जून नावे नोंदवावीत.

कार्यवाह