हरिपूरचं पेव आणि तुझा भुताचा पिक्चर

प्रिय बंड्या,

डिस्क मिळाली, तुझी स्क्रिप्टपण वाचली. फोनवर सांगितलं असतं पण फोनवर तू मधेच "बरं बरं कळलं" करून विषय बदलतोस, म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय. आता पूर्ण वाच लेका.

आधी डिस्क. 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड', म्हणजे मढी उठून चालायला लागतात तो जॉर्ज रोमेरोचा जुना अमेरिकन भुताचा पिक्चर, मी कॉलेजात असताना भाड्याच्या कॅसेटवर बघितलेला. रात्रीचा सीन आला की नुसता करडा चिखल, कोण मेलंय कोण जिवंत आहे कळायचंच नाही, आणि मधनंच खालून ट्रॅकिंगची पट्टी सरकायची. (त्या लायब्ररीतला अख्खा माल २००५ च्या पुरात गेला, मालक नंतर मोबाईल रिचार्ज करत बसायचा.) हल्ली लोक त्या खराब प्रिंटचं कौतुक करतात, व्हीएचएसचा फील वगैरे, मला तो सगळा फुकटचा नॉस्टॅल्जिया वाटतो. तू पाठवलेली रिस्टोअर केलेली प्रिंट बघितली आणि कळलं की माणसांनी लायटिंग किती डोक्यानं केलेलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०१६ ला मूळ निगेटिव्हवरून हे काम केलं. तोवर इतकी वर्षं जगानं झेरॉक्सची झेरॉक्स बघितली, आणि त्याचं कारण तू नीट वाच कारण ते तुझ्या कामाचं आहे. पिक्चरचं आधीचं नाव वेगळं होतं, 'नाईट ऑफ द फ्लेश ईटर्स'. रिलीजच्या वेळी डिस्ट्रिब्युटरनं नाव बदललं आणि नावाच्या पाटीवरची कॉपीराइटची ओळ नव्या पाटीवर टाकायचीच राहिली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ नाही म्हणजे पिक्चर सगळ्यांचा. झालं, मग ज्याला वाटेल त्यानं कॅसेट काढली, नंतर डीव्हीडी काढली, आणि बनवणाऱ्यांच्या हाती त्यातलं काय लागणार. आपल्याकडे ओळ नसली तरी हक्क जात नाही, ते सोड, पण तू चौघांकडून पैसे गोळा करतोयस आणि कागद एकपण नाही. आत्ता सगळे भाऊ भाऊ आहेत. पिक्चर चालला की बघ.

ते लोकपण तसे तुझ्यासारखेच की रे. तू लग्नाच्या शूटिंग करतोस, रोमेरो आणि कंपनी पिट्सबर्गमध्ये टीव्हीच्या जाहिराती करायची. दहा जणांनी सहाशे सहाशे डॉलर काढून सुरुवात केली, शेवटी १९६८ मध्ये पिक्चर १ लाख १४ हजार डॉलरच्या आसपास पूर्ण झाला. पाडायला काढलेलं एक शेतघर मिळालं, त्यामुळे भिंतीला खिळे ठोका नाहीतर खिडक्या फोडा, विचारणारं कोण नाही. रक्त म्हणजे चॉकलेट सिरप, ब्लॅक अँड व्हाईटमध्ये काय कळतंय! तुझा रंगीत आहे तर तुला काकवी आणि खायचा लाल रंग, आपल्या भागात काकवीला काय तोटा. फक्त मुंग्यांचं बघ, हिरोईन तासभर त्यात पडून राहणार आहे असं तूच लिहिलंयस.

आता खरं बोलायचं ते. तुझ्या स्क्रिप्टमधली ती पांढऱ्या साडीतली बाई काढ. रागावू नकोस. ड्रोन, व्हीएफएक्स, तिचे उलटे पाय, ह्याच्यातच तुझे निम्मे पैसे जाणार आणि शेवटी टीव्हीवर ते कार्टूनसारखं दिसणार. रोमेरोच्या पिक्चरमध्ये बाहेरची मढी नुसती हळूहळू चालतात. आपला घाम निघतो तो आतल्या माणसांमुळे, एक म्हणतो तळघरात जाऊन दार लावू, दुसरा म्हणतो वरच थांबू, आणि दोघंही हटत नाहीत. ही भांडणं आपल्याला काय नवीन आहेत का? तुझ्या कथेत दोन भाऊ जमिनीच्या वाटणीसाठी एकत्र आलेत हे तू पहिल्याच पानावर लिहून विसरून गेलास, सगळी भीती तिथंच आहे बाबा.

आणि वाडा कशाला हवा, वाडा सगळेच घेतात. रामसे बंधू १९७२ ला महाबळेश्वरला जाऊन 'दो गज जमीन के नीचे' करून आले, घरचेच भाऊ कॅमेऱ्यावर, साऊंडवर, एडिटिंगला, तेव्हापासून हवेली आणि धुकं वापरून वापरून गुळगुळीत झालंय. तू सांगलीत ये. हरिपूरला हळदीची पेवं आहेत, जमिनीखाली हळद साठवायची कोठारं, लहानपणी आपण लांबून बघितलेली. वरून नुसतं माणूस जाईल एवढं तोंड आणि खाली अख्खी खोली, आत हवा कोंडलेली, उघडल्या उघडल्या कोण उतरत नाही, जीव जाऊ शकतो. पुरानं बरीच पेवं खराब झाली, पण बघायला आहेत. दोन भाऊ, वर पाऊस, कृष्णा-वारणेच्या संगमाचं पाणी चढतंय, एकजण पेवात आहे आणि दुसऱ्याच्या हातात झाकण. आता सांग साडीवाली बाई कशाला पाहिजे?

पण शूटिंग खऱ्या पेवात नाही हं, आधीच सांगतो. त्या अमेरिकन लोकांनीपण तळघराचे सीन त्या शेतघरात घेतले नाहीत, आपल्या ऑफिसच्या तळघरात घेतले, प्रेक्षकाला पत्ता नाही. तू कुणाच्यातरी गोडाऊनमध्ये प्लायवूडचं गोल पेव उभं कर, वरून एक लाईट सोड, बास. खऱ्या पेवातून फक्त आवाज घ्यायचा, माईक दोरीनं खाली सोडायचा. वाचलेले सगळे पैसे साऊंडवर टाक, कारण तुझा पिक्चर लोक घरीच बघणार, टीव्हीवर नाहीतर मोबाईलवर हेडफोन लावून. पडदा छोटा असला की बिबळ्यापण मांजर दिसतो, पण कानात झाकण सरकल्याचा आवाज आला की तो थेटरात काय आणि आमच्या हॉलमध्ये काय, तेवढाच जवळून येतो. काल जेवणानंतर डिस्क बघत होतो, वरच्या मजल्यावर कुणीतरी पाट सरकवला आणि आमच्या हिचा हात एकदम माझ्या दंडावर. थेटरात वरचा मजला नसतो रे.

तारखा गणपतीत धरू नकोस, डॉल्बीपुढे तुझा साऊंडवाला पळून जाईल.

रविवारी सकाळच्या गाडीनं ये. पेववाल्या एका काकांशी बोलून ठेवलंय, ते उघडून दाखवतो म्हणालेत, दुपारी उन्हात. चांगला माईक आणि लांब वायर आण, दोरी इथं आहे. आई जेवायला थांब म्हणतीये, कागदाचं काम जेवल्यावर बसून करू, चौघांचेही आधार कार्डाचे झेरॉक्स घेऊन ये.

तुझा,
नान्या