नाक्यावरचा फळा लिहिणाऱ्या आमच्या काकांना

प्रिय काका,

लांबलचक मेसेज तुम्ही वाचत नाही, म्हणून वहिनींना सांगितलंय हे तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायला. आणि चाळीतल्या सगळ्यांना पण कळू दे म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय.

आपली चाळ रीडेव्हलपमेंटला जायच्या आधीच्या शेवटच्या गणपतीत जुन्या लालबाग-परळचं प्रदर्शन लावायचं ठरलं तेव्हा माझ्याकडे होत्या नुसत्या तारखा. २१ नोव्हेंबर १९५५ चा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार, संयुक्त महाराष्ट्राचे १०६ हुतात्मे, १ मे १९६०, ३१ मार्च १९६४ ची शेवटची ट्राम, १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप. तुम्ही चष्मा वर करून सगळे चार्ट वाचलेत आणि विचारलंत, "सभा कुठे हाय ते लोकांना कळायचं कसं रे?" मला सांगताच येईना.

मग तुम्ही कपात पाणी मागवलंत, त्यात खडू बुडवला आणि जिन्याखालच्या जुन्या फळ्यावर लिहायला बसलात. ओल्या खडूने लिहिलं की आधी काहीच दिसत नाही, फळा नुसता ओला दिसतो, आणि मग वाळत जातं तसं अक्षर पांढरंशुभ्र वर येतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. 'आज संध्याकाळी, कामगार मैदान.' सोळा-सतरा वर्षांचे असताना तुम्ही हेच लिहायचात, गिरणीची पहिली पाळी सुटायच्या आत, कारण गेटातून बाहेर पडलेली माणसं नाक्यावर फळा वाचूनच घरी जायची आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दुसरा कोणीतरी वाचून दाखवायचा.

खरं सांगू, त्यापुढचं तुम्ही जे सांगितलंत ते मी कुठेच वाचलं नव्हतं. शाहीर अमर शेखांचा आवाज, अत्रे, डांगे, एसेम जोशी, चळवळीतले हे सगळे मला पुस्तकातून माहीत होते. पण सभेच्या वेळी दुसऱ्या पाळीचे लोक गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, असायचे ना! ते मध्यरात्री गावकीच्या खोलीवर, म्हणजे एकाच गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीवर, परत यायचे, वळकटी पसरायला जागा शोधायचे आणि अंधारातच विचारायचे, "काय बोलले आज?" आणि तुम्ही झोप सोडून अख्खं भाषण सांगायचात, कुठे हशा झाला, कुठे टाळ्या पडल्या ते सुद्धा, आणि शेजारचा ओरडायचा की हळू बोला, सकाळी भोंगा व्हायच्या आत उठायचंय. काका, मला वाटतं मैदानात जेवढी सभा व्हायची तेवढीच या खोल्यांमध्ये पण व्हायची, आणि ती चालवणारी तुमच्यासारखी पोरं होती ज्यांचं नाव कुठेच छापलेलं नाही.

तीन संध्याकाळी तुम्ही गुडघे दुखत असताना जिना उतरून आलात. खानावळीतल्या बायकांबद्दल पण सांगितलंत, डबे पाळीच्या हिशोबाने कसे भरायच्या ते, ते सगळं मी वहीत उतरवून ठेवलंय. त्याबद्दल थँक यू म्हणणं फारच कमी पडतं, पण मनापासून थँक यू.

तारखांचे चार्ट मी मागच्या भिंतीला हलवले आणि दारात तुमचा फळा ठेवला. विसर्जनानंतर सामान आवरताना पोरं तो पुसायला निघाली होती, मी पुसू दिला नाही, चादरीत गुंडाळून माझ्याकडे ठेवलाय. रविवारी घेऊन येतो, येताना खडूचा बॉक्स पण आणतो.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा