बायकांनी वजनं उचलावीत की नाही?

संपादक, जिममधली बरीच पोरं नुसती बायसेप्सच्या मागे, पायांचा दिवस आला की गायब, आणि आमच्या वयाच्या बायकांना वजनं उचला म्हटलं की 'नको बाई, पुरुषी दिसू' असं ऐकायला मिळतं. अहो, स्नायू वाढवणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरकच बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी कमी, एवढे दंड फुगणार कुठून! उलट वयाबरोबर स्नायू झिजतात, म्हणून तर डब्ल्यूएचओ चालण्याशिवाय आठवड्यातून किमान 2 दिवस ताकदीचा व्यायाम करायला सांगते. तालमीतले पैलवान जोर-बैठका काय आरशासाठी मारायचे? (मिरवायची हौस त्यांनाही होतीच म्हणा.) मला फक्त हात न टेकता जमिनीवरून उठता यावं आणि भरलेला सिलेंडर सरकवता यावा एवढंच हवंय, पण सोसायटीच्या जिममध्ये 10 किलोखालचे डंबेल्सच नाहीत.

— एक वाचक, सांगली