धडक झाली नाही, म्हणून नोंदही नाही?

मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

साहेब, तुम्ही आमच्या पुण्याचे, इथले महापौर होतात, म्हणून हक्कानं लिहिते आहे.

माझी मुलगी शिकाऊ वैमानिक आहे. सुमारे दोन महिन्यांपूर्वी पुण्यापासून काही तासांवरच्या एका विमानतळाजवळ ती एकटीच उडत होती, शेजारी प्रशिक्षक नव्हते. शेवटचं वळण घेऊन ती धावपट्टीच्या रोखानं आली, तेवढ्यात समोरच्या काचेच्या वरच्या कडेला एक चाक खाली येताना दिसलं. दुसरं शिकाऊ विमान तिच्या डोक्यावरून त्याच धावपट्टीकडे उतरत होतं. चाकाच्या झाकणावरचे चिखलाचे शिंतोडे दिसले, आई, असं ती म्हणाली. तिनं विमान उजवीकडे काढलं म्हणून आज मी हे पत्र लिहू शकते आहे.

हे तिनं आठ दिवसांनी सांगितलं, माझ्यासोबत मेथी निवडताना. एक तळहात दुसऱ्यावर धरून दाखवला. मधे बोटभर जागा होती. वरचा हात थरथरत होता.

असं कसं होतं, ते मी तिच्याकडून समजून घेतलं. तिच्या विमानाचे पंख छताला, त्यामुळे वरचं दिसत नाही. दुसऱ्याचे पंख खाली, त्याला खालचं दिसत नाही. अशा लहान विमानतळावर नियंत्रक नसतो. मुलंच रेडिओवर एकमेकांना सांगतात, मी इथं आहे, मी आता वळतोय. दोघं एकाच क्षणी बोलले की ऐकू येतं फक्त किर्र. त्या दिवशी नेमकं तेच झालं. १९९६ साली चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली, ३४९ माणसं गेली. त्यानंतर प्रवासी विमानांत टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. शिकाऊ मुलांच्या चिमुकल्या विमानांना ती सक्ती नाही. त्यांच्यासाठी कोण मरायची वाट बघायची?

तिनं प्रशिक्षण संस्थेत सांगितलं तर उत्तर आलं, "धडक झाली का? नाही ना? मग लिहू नकोस, पुढे नोकरीला अडचण येईल." तिच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, त्या दिवसापुढे सराव आणि एक तास दहा मिनिटं एवढंच आहे. मी ज्या कार्यालयात तक्रार केली तिथून फोनवर पंधरा दिवसांत चौकशीचा शब्द मिळाला. एकेचाळिसाव्या दिवशी पत्र आलं: "सदर विषय संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे." संबंधित विभाग कोणता, तेही लिहिलेलं नाही.

मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. फंड तिच्या फीला गेला, राहतं घर बँकेकडे गहाण आहे. दोनशे तास उडाल्याशिवाय व्यावसायिक परवाना नाही, म्हणून ते तास पुरे करायचेच. आम्ही हडपसरचे. गच्चीवरून बिनइंजिनाची ग्लायडर विमानं बघत मोठी झालेली पोर आहे ही, तिला अडवायची तरी कशी? पण "उतरले" हा एक शब्द मोबाईलवर येईपर्यंत मी गॅस पेटवत नाही. रात्री लोहगावकडे उतरणाऱ्या विमानाचा आवाज आला की उठून बसते. यांना बीपीच्या दोन गोळ्या सुरू झाल्या. याची भरपाई मागत नाही, पण कोणी विचारलंसुद्धा नाही, हे सहन होत नाही.

आणि हे फक्त माझ्या मुलीचं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्याच्याच धावपट्टीवर जीप आली आणि दिल्लीला निघालेल्या विमानाला घाईनं नाक उचलावं लागलं, शेपूट घासली. मे २०२४ मध्ये सामान ओढणाऱ्या गाडीला विमान धडकलं. माणसं वाचली की आपण विषय मिटवतो. नवले पुलावर किती वर्षं रोज गाड्या घसरतायत, पण एका रात्रीत ४८ गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा कुठं अधिकारी धावत आले. या देशात फाइल उघडायला प्रेतच का लागतं? विमान वाहतूक महासंचालनालयातल्या निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या असल्याचं २०२५ साली संसदेच्या समितीनंच सांगितलं. मग तपासणार कोण? पुण्याच्या विमानतळावर नवीन टर्मिनल झालं, चांगलंच झालं. पण जी मुलं उद्या तिथून विमानं नेणार, त्यांच्या सरावाच्या आकाशात एक माणूस लक्ष ठेवायला देता येत नाही?

तो माणूस द्या. जवळचं विमान दाखवणारं साधं यंत्र प्रत्येक शिकाऊ विमानात बसवा. आणि थोडक्यात टळलेली धडक सांगणाऱ्या मुलाला गप्प करणाऱ्या संस्थेवर कारवाई करा.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं ती परत जाते आहे. बॅग भरून झाली, लॉगबुक सगळ्यात वर ठेवलंय. त्या दिवशीची घटना सरकारच्या कोणत्या वहीत, कोणत्या क्रमांकानं लिहिली गेली, एवढं मला सोमवारच्या आत लेखी कळवा.

आपली,
एका शिकाऊ वैमानिकाची आई
हडपसर, पुणे