बाकडे सावलीत, ऊन कुलपात

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की कोल्हापुरात रात्रीचा पारा साधारण १४-१५ अंशांपर्यंत उतरतो आणि दिवसा मात्र तो पुन्हा २८-३० अंशांवर जातो. घराबाहेर बसण्यासाठी वर्षातले याहून चांगले दिवस नाहीत. पावसाळ्यात बागेत पाऊल टाकवत नाही आणि एप्रिल-मेमध्ये दुपारभर दारे लावून बसावे लागते. असे असूनही आपल्याकडच्या बागा आखताना विचार होतो तो फक्त मे महिन्याच्या उन्हाचा. हिवाळ्यात बागेत येणाऱ्या माणसाला सावली नको असते, ऊन हवे असते, हे आराखडा करणाऱ्यांच्या ध्यानातच येत नाही, असे माझे मत झाले आहे. मी निवृत्त आरेखक आहे. आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढले, त्यामुळे सावली मोजायची खोड अजून गेलेली नाही.

आमच्या भागातील एका बागेचे नुकतेच नूतनीकरण झाले. ग्रॅनाइटची बाकडी, रंगीत फरशीचा चालण्याचा मार्ग, हिरवळ, कारंजे, सगळे नवे आणि नेटके आहे. माझी आई ८२ वर्षांची आहे. तिचे गुडघे थंडीत आखडतात, म्हणून डिसेंबरमध्ये मी तिला सकाळी तेथे घेऊन जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी बाकावर टेकल्या टेकल्या ती म्हणाली, "अरे, ऊन तिकडं पडलंय आणि बाकडं इकडं कशाला ठेवलंय?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मी खिशात खडू घेऊन गेलो आणि शेजारच्या इमारतीची सावली फरशीवर कोठवर येते, याच्या दर अर्ध्या तासाने खुणा केल्या. पहारेकऱ्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन येथे करत नाही.

डिसेंबरच्या उत्तरार्धात कोल्हापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण नेमका पूर्वेला नव्हे, तर सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून. साडेआठ वाजता तो क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर आलेला असतो, त्यामुळे तीस फूट उंचीच्या इमारतीची सावली त्या वेळी जवळजवळ नव्वद फूट लांब पडते. दहा वाजता तीच बेचाळीस फुटांवर येते आणि साडेबाराला, म्हणजे सूर्य माथ्यावर असायला हवा तेव्हाही, तो सुमारे ५० अंशांवरच असल्याने पंचवीस फूट उरते. आमचे बाकडे आग्नेयेकडील तीस फुटी इमारतीपासून साठ फुटांवर आहे. त्यावरून सावली हटते नऊ वाजून दहा मिनिटांनी, आणि बागेचे फाटक बंद होते नऊ वाजता. ते पुन्हा उघडते चारला. बाकावर पहिले ऊन पडलेले मी फाटकाच्या गजांतून पाहिले आहे.

दक्षिणेच्या कुंपणालगत उंच वाढणाऱ्या अशोकाची दाट रांग लावली आहे. ती उन्हाळ्यातल्या सावलीसाठी असल्याचे कोणी सांगेल, पण मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरवर शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो भरदुपारी उत्तरेकडेच झुकलेला राहतो. म्हणजे ज्या दिवसांत सावलीची गरज असते, त्या दिवसांत दक्षिणेचे झाड बागेला दुपारची सावली देत नाही. ते ऊन अडवते ते नेमके डिसेंबर-जानेवारीत. उन्हाळ्यात तापवतो तो पश्चिमेचा सूर्य. त्यामुळे आंबा, करंज यांसारखी दाट झाडे पश्चिमेला हवीत आणि दक्षिण-आग्नेय बाजू मोकळी हवी. तेथे झाड हवेच असेल, तर हिवाळ्यात पाने गाळणारे लावावे. देवचाफा यासाठी उत्तम आहे. पांगारा आणि सावरही चालतील, मात्र दोघांनाही काटे असतात, तेव्हा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून ती दूरच ठेवलेली बरी.

बसण्याच्या जागेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खर्च तेथेच होतो आणि तेथेच फसतो. ग्रॅनाइट आणि लोखंड दोन्ही रात्रभर थंडी शोषून घेतात, उघड्या आभाळाखाली त्यांच्यावर दव साचते आणि सकाळी रुमालाने पुसूनही म्हाताऱ्या माणसाला तेथे बसवत नाही. लाकडी फळ्या फटी ठेवून बसवल्या, तर पाणी निथळते आणि ऊन लागताच त्या कोरड्या होतात. पण माझ्या मते खरा उपाय आपल्याच जुन्या घरांत आहे: उत्तरेला पाठ करून उभी केलेली काळ्या दगडाची भिंत आणि तिच्या दक्षिण अंगाला कट्टा. अशी भिंत दिवसभर ऊन खाते आणि सूर्य मावळल्यावर बराच वेळ पाठीला ऊब देते. कट्ट्यावर सात फूट उंचीला दोन फुटांचा छज्जा काढला, तर डिसेंबरच्या दुपारचे तिरपे ऊन बसलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंत पोहोचते आणि मेच्या दुपारी तोच कट्टा पूर्ण सावलीत राहतो. रात्रीचे दवही त्या छज्जाने बरेचसे अडते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधासाठी उभे राहणाऱ्या या शहराला कट्टा म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पूर्व आणि ईशान्येकडून येतो. त्या अंगाला कंबरेएवढे मेंदीचे कुंपण राखले, तर बसलेल्या माणसाला झोंबरा वारा लागत नाही आणि उन्हाच्या आड काही येत नाही. हेच कुंपण पुरुषभर वाढू दिले, तर सकाळचे ऊन त्याच्यामागेच अडकते, म्हणून छाटणी दिवाळीआधी उरकली पाहिजे. झाडलेला पाला सकाळी कोपऱ्यात पेटवण्याची पद्धतही थांबायला हवी. थंडीत जमिनीलगतची हवा वर उठत नसल्याने तो धूर तासन्‌तास बाकड्यांभोवतीच रेंगाळतो. त्याच कोपऱ्यात एक खड्डा काढून पाला कुजवला, तर बागेला खतही मिळेल.

फुलांविषयी एक गोष्ट मला हल्लीच कळली. बागेतला शेवंतीचा वाफा नोव्हेंबर संपला तरी कळ्यांवर येईना. खत-पाणी वेळेवर होते, रोपेही पावसाळ्याच्या सुरुवातीलाच लावलेली होती. शेवटी एका जुन्या माळीबाबांनी वाफ्यावरच्या दिव्याकडे बोट दाखवले. शेवंती लांब रात्रींच्या इशाऱ्यावर फुलते, आणि रात्रभर दिवा जळत राहिला तर रात्र झाली हेच तिला समजत नाही. तो खांब दहा-पंधरा फूट सरकवणे किंवा दिव्याला झापड लावणे एवढेच काम आहे. झेंडूची अशी काही तक्रार नसते. रोपे सप्टेंबरमध्ये लावली की तो डिसेंबरपर्यंत फुललेला असतो.

ज्यांना जमते, ते ज्येष्ठ नागरिक ऊन घ्यायला रंकाळ्यावर जातात, कारण तेथे पाण्यावरून येणाऱ्या उन्हाला कोणाची आडकाठी नाही. परंतु गुडघे धरलेल्या माणसाला रिक्षा करून रंकाळ्यावर जा, असे सांगण्यात अर्थ नाही. घरापासून पाच मिनिटांच्या अंतरावर बाग असताना तिचाच उपयोग झाला पाहिजे.

आमच्या बागेत सगळे नव्याने करा, अशी माझी मागणी नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने फाटक सकाळी अकरापर्यंत उघडे ठेवावे आणि दुपारी चारऐवजी तीनला उघडावे. सूर्य सहाच्या पुढे-मागे मावळतो, तेव्हा दुपारचा तो एक तास महत्त्वाचा आहे. झाडलोट आता नऊनंतर होते, ती अकरानंतर करता येईल. इमारतीच्या सावलीतली दोन बाकडी उचलून कारंज्याच्या उत्तर अंगाला ठेवावीत. तेथे साडेआठलाच ऊन येते, हे मी खडूने आखून पाहिले आहे. अशोकाची रांग तोडा, असे मी म्हणणार नाही, परंतु पुढच्या पावसाळ्यात शहरात कोठे नवी बाग आखली जाणार असेल, तर झाडांच्या जागा ठरवण्याआधी डिसेंबरच्या सावल्या तेवढ्या नकाशावर काढून घ्याव्यात. तो नकाशा विनामोबदला काढून द्यायला मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आरेखक, कोल्हापूर