किट कारचा फॉर्म 22 आणि टाइप अप्रूव्हल न दिल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
महाराष्ट्र विक्री कार्यालय, नाशिक.

महोदय,

आपल्याकडून घेतलेली जीपच्या धर्तीची किट कार, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून जोडायची गाडी, माझ्या अमळनेरच्या गॅरेजमध्ये पूर्ण जोडून उभी आहे. ती रस्त्यावर काढता येत नाही, कारण तिचं पासिंग होत नाही. आपल्या प्रतिनिधीने कोटेशनवर स्वतःच्या हाताने ‘पासिंगची पूर्ण जबाबदारी कंपनीची’ असं लिहून खाली सही केली आहे. त्या ओळीवर विश्वास ठेवून मी पूर्ण रक्कम आगाऊ भरली.

माल गुजरातेतल्या आपल्या कारखान्यातून नवापूरमार्गे आला. बिल आणि ई-वे बिल चोख होतं. फॉर्म 21 (विक्रीचा दाखला) आणि फॉर्म 22 (गाडी रस्त्यालायक असल्याचा उत्पादकाचा दाखला) मात्र नव्हते. ‘मागून पाठवतो’ म्हणालात, ते अजून आलेले नाहीत. आता आपले लोक फोनवर सांगतात की महाराष्ट्राचे नियम वेगळे आहेत, आमच्या राज्यात हे सहज होऊन जातं. ही दिशाभूल आहे. मोटार वाहन कायदा 1988 आणि त्याखालचे 1989 चे नियम केंद्राचे आहेत. राज्यागणिक कर बदलतो, गाडी रस्त्यालायक असण्याची अट बदलत नाही. नियम 126 प्रमाणे उत्पादकाने नमुना गाडी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यायची असते. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट, कुठूनही हे टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलची मान्यता, घेतलं तरी ते देशभर चालतं. आपण ते घेतलंय का, एवढाच माझा प्रश्न आहे आणि त्याचं सरळ उत्तर मला कुणीच देत नाही.

परिवहन कार्यालयाच्या निरीक्षकांनी गाडी बारकाईने पाहिली. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. चेसिस नंबरचा ठसा घ्यायला ते पेन्सिल घेऊन वाकले, तर नंबर फ्रेमवर पंच केलेलाच नाही. चार रिव्हेट मारलेल्या एका पत्र्यावर तो आहे. ड्रिलने दोन मिनिटांत निघेल असा पत्रा! उत्पादनाचा महिना आणि वर्ष कुठेही नाही. समोरच्या काचेवर आयएसआयची खूण नाही. इंजिन जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरचं आहे, आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 या धुराच्या निकषात न बसणाऱ्या नव्या गाडीची नोंदणी होत नाही हे गाड्या बनवणाऱ्या कंपनीला मी सांगायचं का? नोंदणीच्या ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत आपलं मॉडेलही दिसत नाही. विमाही निघत नाही.

यावर आपल्या माणसांनी दोन तोडगे सुचवले. पहिला, गाडी त्यांच्याकडच्या कुणाच्या तरी नावावर तिकडेच पास करायची आणि मग फॉर्म 28 वर ना-हरकत घेऊन इकडे आणायची. कलम 40 नुसार मालक जिथे राहतो किंवा त्याचा धंदा जिथे आहे आणि गाडी जिथे ठेवली जाते, त्या राज्यात नोंदणी करायची असते. मी अमळनेरला राहतो, माझं गॅरेज इथे, गाडी इथे. शिवाय जिच्याकडे मूळ कागदच नाहीत, तिला ना-हरकत घेऊन कायदेशीर कसं करणार? दुसरा तोडगा तर संताप आणणारा आहे. भंगारातल्या जुन्या जीपचं आरसी बुक घ्या आणि तिचा नंबर हिला लावा! कलम 52 मूळ गाडीत असे बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्येही उत्पादकाच्या मूळ नोंदींशी विसंगत बदल चालणार नाहीत असंच सांगितलं. चेसिस नंबरची अदलाबदल हा तर सरळ गुन्हा आहे. उद्या अपघात झाला, तर तुरुंगात कोण जाईल आणि ज्याला लागलं त्याला भरपाई कोण देईल? मी लोकांच्या गाड्या दुरुस्त करून पोट भरतो. हे काम माझ्या हातून होणार नाही.

गॅरेजमधली पोरं याच गाडीवर वायरिंग शिकली. ब्रेकच्या नळ्या त्यांनी स्वतः वाकवून बसवल्या. सातपुड्यात उनपदेवपर्यंत पहिली फेरी मारायची असं ठरलं होतं. आता फायबरच्या बॉनेटला आमच्या उन्हाने बारीक तडे जाऊ लागले आहेत आणि दारांची रबरं सुटत आहेत. गाडी अशीच उभी राहिली तर होणारं नुकसान आपलं आहे, याची नोंद घ्यावी.

माझी मागणी अशी. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत या मॉडेलच्या टाइप अप्रूव्हलची प्रत, फॉर्म 21 आणि फॉर्म 22 द्या. चेसिस नंबर फ्रेमवर नियमाप्रमाणे पंच करून द्या आणि इंजिन मान्यतेतलंच बसवा, सगळं आपल्या खर्चाने. मान्यता घेतलेलीच नसेल तर तसं लेखी कळवा, गाडी आपल्या ट्रकने परत न्या आणि वाहतूक खर्चासह संपूर्ण रक्कम परत करा. तोंडी आश्वासन आता चालणार नाही.

तसं न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथेच दाद मागता येते, त्यामुळे उत्तर द्यायला आपल्याला जळगावला यावं लागेल.

सोबत बिल, सही असलेलं कोटेशन आणि चेसिसच्या पत्र्याचे फोटो जोडले आहेत.

आपला ग्राहक,
गॅरेज व्यावसायिक,
अमळनेर, जि. जळगाव